व्हीएम अपडेट झाले, पण होस्टचं काय? एकट्या सर्व्हरला पॅच लावायच्या रात्रीची तयारी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या बहुतेक छोट्या कारखान्यांत सर्व्हर म्हणजे अकाउंट्सच्या खोलीत, एसीखाली ठेवलेला एकच डबा. त्यात टॅलीचा एक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे डब्याच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला वेगळा संगणक), सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या डोमेन कंट्रोलरचा एक, फाइल सर्व्हरचा एक, आणि कोणीतरी कधीतरी ‘टेस्ट’ म्हणून बनवलेला एक, ज्याला हात लावायला सगळेच घाबरतात. आतल्या विंडोजचे अपडेट नेमाने होतात. पण हे चौघं ज्याच्या पोटात राहतात त्या होस्टला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खालच्या सिस्टिमला, मग तो ईएसएक्सआय असो, प्रॉक्समॉक्स असो की हायपर-व्ही, बसवल्या दिवसापासून पॅच, म्हणजे दोष दुरुस्त करणारा अपडेट, लागलेला नसतो. विषय काढला की शेठ म्हणतात, “चाले छे तो चालवा दो ने.”

पॅच लावणं हे अर्ध्या तासाचं काम. लोक घाबरतात ते त्यानंतरच्या रीस्टार्टला, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. म्हणून या लेखात पॅचपेक्षा रीस्टार्टच्या तयारीबद्दल जास्त लिहिलं आहे.

भोक असतं कुठे

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात एका दालनाला फळ्यांचं पार्टिशन घालून चार बिऱ्हाडं राहायची, तसेच व्हीएम एका होस्टवर राहतात. मधली भिंत म्हणजे सॉफ्टवेअर. व्हीएमला दिसणारं नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर, यूएसबी हे सगळं होस्टवरच्या प्रोग्रामने वठवलेलं सोंग असतं. त्या प्रोग्रामने मेमरीत ठरावीक जागा राखलेली असते, आणि व्हीएमकडून आलेला डेटा तेवढ्यातच मावतो का हे तपासायचं काम त्याचंच. ती तपासणी चुकली की व्हीएम हद्दीपलीकडे लिहू शकतो, म्हणजे थेट होस्टच्या मेमरीत.

याचं गाजलेलं उदाहरण २०१५ च्या मे महिन्यातलं, ‘व्हेनम’ नावाचं. क्यूईएमयू हा असंच सोंग वठवणारा प्रोग्राम, प्रॉक्समॉक्स तोच वापरतो. त्यातल्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरचा बफर, म्हणजे राखलेली जागा, होता ५१२ बाइटचा, आणि काही कमांडांनंतर मोजणी परत शून्यावर यायला हवी ती येत नव्हती. व्हीएम बाइट ढकलत राहिला की ते बफरबाहेर सांडायचे. हा दोष २००४ पासून कोडमध्ये पडून होता. आणि गंमत म्हणजे, फ्लॉपी ड्राइव्ह बंद करून ठेवली तरी क्यूईएमयूमध्ये आणि झेन या व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या सिस्टिममध्ये दुसऱ्याच एका चुकीमुळे कंट्रोलरचा कोड जागाच राहायचा. ‘आम्ही ते वापरतच नाही’ हे उत्तर तेव्हापासून मी ऐकून घेत नाही.

अलीकडचं बघायचं तर ४ मार्च २०२५ ला ब्रॉडकॉमने ईएसएक्सआय बनवणाऱ्या आपल्या व्हीएमवेअरचे तीन दोष जाहीर केले. त्यातला सीव्हीई-२०२५-२२२२४ (सीव्हीई म्हणजे दोषाचा जाहीर नोंदणी क्रमांक) हा व्हीएम आणि होस्ट यांच्या संवादाच्या व्हीएमसीआय या भागातला, तीव्रता १० पैकी ९.३, आणि जाहीर झाला तेव्हा त्याचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू होता. मग जुलैमध्ये सीव्हीई-२०२५-४१२३६ आला, तोही ९.३ चा, व्हीएमएक्सनेट३ या आभासी नेटवर्क कार्डातला. दोन्हींना पॅचशिवाय पर्यायी उपाय नाही. व्हीएममध्ये ॲडमिन हक्क मिळवलेल्यालाच हे जमतं खरं, पण तो ‘टेस्ट’ व्हीएम आठवा. त्याचा पासवर्ड काय आहे?

आधी नंबर लिहून घ्या

ईएसएक्सआयच्या वेब पानावर लॉगिन केलं की होस्टच्या नावाखालीच व्हर्जन आणि बिल्ड नंबर दिसतो. तो वहीत लिहा. मार्चच्या दोषांसाठी ८.० यू३डी किंवा ७.० यू३एस हवं, जुलैच्या दोषांसाठी त्याच्याही पुढचं. ‘८ आहे म्हणजे नवीनच’ असं धरून चालू नका. ७.० चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, ६.७ चा त्याच्याही जवळजवळ तीन वर्षं आधी. तिथे पॅच शोधण्यात वेळ घालवू नका, शेठना नव्या होस्टचा खर्च सांगा.

हायपर-व्हीचं सोपं आहे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या विंडोज अपडेटमध्येच त्याचे पॅच असतात, फक्त ते होस्टवरही चालवायचे.

प्रॉक्समॉक्सवाल्यांची दोन ठिकाणी फसगत होते. सबस्क्रिप्शन न घेता एंटरप्राइज रिपॉझिटरी (पैसे भरणाऱ्यांसाठीचा अपडेटचा साठा) तशीच ठेवली तर अपडेट दाबल्यावर एरर येते, माणूस विंडो बंद करतो आणि अपडेट केल्याच्या समाधानात घरी जातो. ‘नो-सबस्क्रिप्शन’ रिपॉझिटरी लावा. दुसरी गोष्ट, क्यूईएमयू नवा आला तरी चालू असलेला व्हीएम जुन्याच प्रोसेसवर धावत राहतो. आतून विंडोज रीस्टार्ट करून भागत नाही. व्हीएम पूर्ण शटडाउन करून पुन्हा स्टार्ट करावा लागतो.

रीस्टार्टच्या आधीचा आठवडा

एका कारखान्यात अडीच वर्षं न थांबलेला होस्ट मी एका शनिवारी रात्री रीस्टार्ट केला. सगळं छान वर आलं. सोमवारी सकाळी आठ वाजता फोन, एकालाही लॉगिन होत नाही. अर्धा तास मी डीएनएस उकरत बसलो. मग सहज टास्कबारकडे नजर गेली तर तारीख २०१५ ची! मदरबोर्डवरची बॅटरी केव्हाच संपली होती. डबा कधी बंदच झाला नव्हता म्हणून ते कळलं नव्हतं. होस्टचं घड्याळ मागे गेलं, व्हीएमने सुरू होताना वेळ होस्टकडून घेतली, आणि डोमेनच्या लॉगिनला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलपायी निम्मी शिफ्ट बसून राहिली, आणि शेठ माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ते अजून आठवतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. होस्टवर एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय, लावलेलं आहे का बघतो. नवी सेल बॅगेत ठेवतो. अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या रेड (RAID) कंट्रोलरमध्ये एखादी डिस्क आधीच मेलेली नाही ना, हे पाहतो. वर्षानुवर्षं फिरणारी डिस्क थांबली की कधीकधी पुन्हा उठत नाही. डिस्कचा दिवा लाल असेल तर आधी ती बदला आणि रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं, पूर्ण होऊ द्या, पॅच नंतर.

बॅकअप होस्टच्या बाहेर हवा, आणि त्यातला निदान एक व्हीएम दुसऱ्या मशीनवर चालू करून बघितलेला हवा. बॅकअपच्या मशीनला डोमेनमध्ये घेऊ नका, नाहीतर एका पासवर्डने दोन्ही जातील. डिस्क कुठे ठेवता हेही बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा सर्व्हर आणि बॅकअप एकाच तळमजल्यावर असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

व्हीएमच्या बॅकअपमध्ये होस्टची सेटिंग येत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळा घ्या, कोणतं नेटवर्क कोणत्या पोर्टवर आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि होस्टचा रूट, म्हणजे मुख्य ॲडमिनचा, पासवर्ड टाकून बघा. हसू नका. पासवर्ड तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या पोराकडेच होता, असं दोनदा निघालं आहे.

पॅचची रात्र

उत्तरायण आणि वासी उत्तरायण, १४ आणि १५ जानेवारी, ही बडोद्यातली सगळ्यात निवांत वेळ. अख्खं शहर गच्चीवर असतं. नवरात्रातही रात्री साडेनऊनंतर ऑफिसात कोणी सापडत नाही. नेहमीच्या पॅचसाठी हे दिवस उत्तम. पण दोषाचा गैरवापर सुरू झाल्याची बातमी असेल तर सणाची वाट बघू नका, याच आठवड्यातली रात्र मागून घ्या.

आधी टॅली, मग फाइल सर्व्हर, शेवटी डोमेन कंट्रोलर, असे व्हीएम नीट शटडाउन करा. मग होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाका. एकट्या ईएसएक्सआयसाठी पॅचची झिप डेटास्टोअरवर (होस्टच्या डिस्कवरच्या साठ्यात) चढवा, एसएसएच, म्हणजे दुरून कमांड द्यायची वाट, तेवढ्यापुरतं उघडा आणि ईएसएक्ससीएलआय या कमांडने ‘प्रोफाइल अपडेट’ चालवा. ‘प्रोफाइल इन्स्टॉल’ नको, त्यात सर्व्हर कंपनीचे ड्रायव्हर उडू शकतात. आधी ड्राय-रन (नुसती रंगीत तालीम) करून काय बदलणार आहे ते वाचा. रीस्टार्टनंतर काही बिनसलं तर घाबरू नका. ईएसएक्सआय जुनी आवृत्ती दुसऱ्या बूटबँकेत जपून ठेवतो. बूट होताना शिफ्ट आणि आर दाबलं की तिच्यावर परत जाता येतं. त्यासाठी सर्व्हरला कीबोर्ड आणि मॉनिटर जोडलेला हवा, हे मात्र आधीच बघायचं.

होस्ट वर आला की पहिल्यांदा घड्याळ बघा. मग मेंटेनन्स मोड काढा, डोमेन कंट्रोलर सुरू करा, पाच मिनिटं थांबा, नंतर बाकीचे. कॅडच्या लायसन्सचं यूएसबी डोंगल असेल तर ते व्हीएमला पुन्हा दिसतंय का तपासा. सोमवारी पहिला फोन बहुतेक त्याचाच येतो.

आज पॅच शक्यच नसेल तर

काही दिवस थांबणं भागच असेल तर निदान होस्टचं मॅनेजमेंट पान इंटरनेटवरून आणि ऑफिसच्या वाय-फायवरून दिसता कामा नये. ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवा, एसएसएच बंद ठेवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातले होस्ट लॉक केले. त्यात वापरल्याचं सांगितलं गेलेलं ओपनएसएलपीचं (नेटवर्कवरच्या सेवा शोधून देणाऱ्या एसएलपीच्या प्रोग्रामचं) भोक, पोर्ट ४२७ वरचं, पॅच होऊन दोन वर्षं झाली होती. एसएलपी वापरात नसेल तर बंदच करा. व्हीएममधून फ्लॉपी, सिरियल पोर्ट, रिकामी सीडी, यूएसबी काढून टाका. व्हेनमसारख्या दोषापुढे याचा उपयोग नाही, तरी सोंगं जितकी कमी तितकं बरं. आणि तो ‘टेस्ट’ व्हीएम बंद करा. आठवडाभर कोणी ओरडलं नाही, तर बॅकअप घेऊन डिलीट.

लॉग मात्र दुसऱ्या मशीनवर पाठवा. यूएसबी किंवा एसडी कार्डावरच्या ईएसएक्सआयचे लॉग रीस्टार्टमध्ये पुसले जाऊ शकतात, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. घुसखोरी झालीच तर लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं. तिथे मामला दाबून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

निघताना नवा बिल्ड नंबर, तारीख आणि सेल बदलल्याचा महिना एका कागदावर मार्करने लिहून मी रॅकच्या दाराला आतून चिकटवतो. पुढच्या वेळी दार उघडणारा मी असेन असं नाही.