हृदयाचा धोका घरच्या घरी असा ओळखा
माझ्या मोठ्या दिरांना 52 व्या वर्षी झटका आला. पहाटे छातीत जळजळतंय म्हणून त्यांनी सोडा घेतला आणि दोन तास तसेच काढले. तेव्हापासून नौपाड्यातल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी मी सगळ्यांचं बीपी मोजते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधा. सदऱ्यावरून बांधलात तर आकडा चुकतो. मिनिटभराने पुन्हा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. घरी वारंवार 135/85 च्या वर येत असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. काही दुखत नाही म्हणून थांबू नका. वाढलेलं बीपी बहुतेकदा दुखत नाहीच.

मग शिवणाची टेप घ्या. बाईची कंबर 80, पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या पुढे गेली की साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, हातपाय काडीसारखे असले तरी.

वडील-भावाला 55 च्या आत किंवा आई-बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. दिरांच्या मुलाला मी तेच करायला लावलं.

मिश्री, विडी, तंबाखू कमी नको, बंदच. लोणचं-पापड सणापुरतं. संध्याकाळी तलावपाळीला अर्धा तास झपाझप चाला.

आणि छातीवर दडपण, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली तर सोडा शोधत बसू नका, लगेच 108 लावा.