वैद्यकीय विद्यार्थ्याचा मार्गदर्शक : पहिल्या वर्षापासून इंटर्नशिपपर्यंतची सोबत

धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबार येथील शासकीय महाविद्यालये आणि त्यांच्या जोडीची खासगी महाविद्यालये यांत दरवर्षी एमबीबीएसची नवी बॅच दाखल होते. प्रवेशाची धावपळ संपली की मार्गदर्शक शिक्षक आणि त्यांच्याकडे सोपवलेले विद्यार्थी यांची यादी सूचनाफलकावर लागते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरची एक वर्षाची इंटर्नशिप एवढा काळ त्या यादीतील दोन नावांमध्ये खरे नाते राहावे, अशी ज्यांची इच्छा आहे त्या शिक्षकांसाठी हे लेखन आहे. त्यामागचे म्हणणे एकच आहे : विद्यार्थ्याची अडचण गुणपत्रिकेत सर्वांत शेवटी उमटते, म्हणून मार्गदर्शकाने गुणपत्रिकेच्या आधी पोहोचले पाहिजे.

वाटणी आणि पहिली भेट

एका शिक्षकाकडे इतकेच विद्यार्थी असावेत की त्यांची नावे, गावे आणि घरची परिस्थिती त्याला वही न उघडता सांगता यावी. वाटणी करताना शक्यतो त्या वर्षी विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घेणारा शिक्षक त्याचा मार्गदर्शक नसावा, कारण जो उद्या वायव्हाला समोर बसणार आहे त्याच्याजवळ ‘मला काहीच समजत नाही’ असे कोणी मोकळेपणाने कबूल करत नाही. पुढे विद्यार्थी आपल्याच विषयात आला, तर अंतर्गत परीक्षेपुरते त्याचे मूल्यमापन सहकाऱ्याकडे द्यावे. मार्गदर्शक मात्र बदलू नये. दरवर्षी मार्गदर्शक बदलण्याची पद्धत प्रशासनाला सोयीची वाटते, पण तिच्यामुळे विद्यार्थ्याला प्रत्येक वेळी आपली कहाणी नव्याने सांगावी लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो ती सांगणेच सोडून देतो.

पहिली भेट फाउंडेशन कोर्सच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या ओळखवर्गाच्या, दिवसांतच व्हावी आणि तीत नीटच्या गुणांचा विषय काढू नये. शिक्षण कोणत्या माध्यमातून झाले, घरी कोण आहे, राहण्याची सोय कोठे आहे, शुल्काचा भार कोण उचलतो, घरात कोणती भाषा बोलली जाते, हे विचारावे. अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतून आलेली विद्यार्थिनी, रावेरच्या केळी उत्पादकाचा मुलगा आणि अखिल भारतीय कोट्यातून राजस्थानहून आलेला विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. त्यांतल्या एकीला इंग्रजीची धास्ती असते, तर दुसऱ्याला मराठीची. याच भेटीत गोपनीयतेची मर्यादाही स्पष्ट सांगावी : तुझे बोलणे माझ्याजवळ राहील, मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा रॅगिंगची बाब असेल, तर मला ती पुढे न्यावी लागेल. भेटीची जागा अशी निवडावी की बोलणे इतरांच्या कानी पडणार नाही, पण दोघे बसलेले सहज दिसतील.

पहिले वर्ष

सर्वाधिक वेळ या वर्षाला द्यावा, कारण पुढची बहुतेक घसरण येथूनच सुरू होते. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांचा पसारा असा असतो की बारावीपर्यंत वर्गात पहिला येणारा विद्यार्थीही पहिल्या अंतर्गत परीक्षेत कोसळू शकतो. अशा वेळी ‘अभ्यास वाढव’ हा सल्ला निरुपयोगी असतो. अडचण नेमकी कोठे आहे हे आधी शोधावे लागते. त्यासाठी एक साधी चाचणी उपयोगी पडते. विद्यार्थ्याला शिकवून झालेला एखादा विषय, उदाहरणार्थ हृदयाचा रक्तपुरवठा, मराठीत तोंडी समजावून सांगायला लावावे आणि लगेच तोच विषय इंग्रजीत कागदावर लिहायला सांगावे. बोलणे सुसंगत आणि लिहिणे विस्कळीत असेल, तर आकलन शाबूत आहे आणि प्रश्न भाषेचा आहे. मग रोज दहा-बारा ओळींचे उत्तर स्वतःच्या इंग्रजीत लिहून एखाद्या वरिष्ठ विद्यार्थ्याकडून तपासून घेण्याचा क्रम लावून द्यावा. बोलणेच अडखळत असेल, तर मोठे पाठ्यपुस्तक काही दिवस बाजूला ठेवून पायाभूत संकल्पनांपासून पुन्हा सुरुवात करावी. दोन्ही चांगले असूनही गुण कमी असतील, तर झोप, प्रकृती, घरची काळजी किंवा वसतिगृहातील त्रास यांकडे वळावे.

नियमांची माहिती धाक घालण्यासाठी नव्हे, तर वेळेवर सावध करण्यासाठी द्यावी. परीक्षेला बसण्यासाठी सिद्धांताच्या तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते. पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी जास्तीत जास्त ४ संधी मिळतात आणि प्रवेशापासून ९ वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. हे आकडे नापास झालेल्या दिवशी प्रथमच कानावर पडणे फार क्रूर असते. निकालाच्या दिवशी अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला आपणहून फोन करावा, त्याच दिवशी भेटावे आणि पुरवणी परीक्षेचा आराखडा दोन-तीन दिवसांनी आखावा. पालकांना कळवण्यापूर्वी विद्यार्थ्याशी बोलून घ्यावे. ज्या घराने शेत गहाण ठेवून मुलाला येथवर पोहोचवले आहे, तेथे ही बातमी कोणी आणि कशी सांगायची याचा विचार दोघांनी मिळून करणे योग्य ठरते.

पैशांच्या बाबतीत मार्गदर्शकाने स्वतः उसने देण्याच्या भरीस पडू नये, त्याने नाते अवघडते. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जाची मुदत, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची आठवण मात्र वेळेत करून द्यावी. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना यांपैकी कोणती लागू आहे, हे विद्यार्थी विभागाकडून समजून घेण्यास सांगावे.

वॉर्डातील वर्षे

वॉर्डात पाऊल पडल्यावर मार्गदर्शनाचे स्वरूप बदलते. येथे रुग्ण ‘पोट दुखस’ असे अहिराणीत सांगतो, तर सातपुड्यातून आलेली आई पावरी किंवा भिली बोलते, आणि पुस्तकी प्रश्नावली तिच्यापर्यंत पोहोचत नाही. परप्रांतीय विद्यार्थ्याला स्थानिक सहाध्यायी जोडून द्यावा आणि दोघांनी मिळून हिस्ट्री, म्हणजे रुग्णाच्या आजाराची पूर्वमाहिती, घ्यावी. यात स्थानिक विद्यार्थ्याचेही मोल वाढते, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. कुटुंब दत्तक कार्यक्रमासाठी, म्हणजे नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याची विचारपूस करण्यासाठी, गावात जाताना आशा कार्यकर्तीची मदत घेण्याची सवय लावावी. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आणि कुपोषण यांविषयी धडगाव-मोलगीच्या पाड्यावर जे समजते, ते वर्गातल्या फळ्यावर समजत नाही. फक्त परतल्यावर त्यावर बोलणारे कोणी तरी हवे.

हीच गोष्ट पहिल्या मृत्यूची. कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यात कीटकनाशक प्यायलेला, कधी विद्यार्थ्याच्याच वयाचा रुग्ण अपघात विभागात येतो आणि प्रयत्न करूनही जातो. त्यानंतर एक-दोन दिवसांत विद्यार्थ्याला बोलावून काय पाहिले ते त्याच्या शब्दांत सांगू द्यावे. वैद्यकीय चुकांची चर्चा त्या बैठकीत करू नये, ती विभागाच्या बैठकीत व्हावी. ‘डॉक्टरला अशी सवय करावीच लागते’ हे वाक्य टाळावे, कारण त्यानंतर विद्यार्थी गप्प होतो आणि ते गप्प होणेच सवय झाल्याचे लक्षण मानले जाते.

मनःस्वास्थ्य आणि रॅगिंग

जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) अपुरे राहणे, मेसमध्ये न दिसणे, सकाळचे तास सतत बुडणे, मित्रांपासून तुटणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, ही चिन्हे गुणांच्या आधी दिसतात. शंका आली तर आत्महत्येचे विचार येतात का, हे थेट आणि शांतपणे विचारावे; विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल तर विद्यार्थ्याला एकटे सोडू नये, त्याच्या विश्वासातील व्यक्तीला बोलावावे आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाची भेट घडवावी. आपल्याच महाविद्यालयाच्या मनोविकार ओपीडीत केसपेपर काढायला अनेक विद्यार्थी कचरतात, कारण तेथे त्यांचेच शिक्षक आणि सहाध्यायी असतात. म्हणून शहरातील बाहेरच्या तज्ज्ञाशी महाविद्यालयाने आधीच बोलून ठेवणे चांगले. टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. मार्गदर्शकाने स्वतः समुपदेशकाची भूमिका घेऊ नये. योग्य दारापर्यंत सोबत जाणे आणि आठवड्याने पुन्हा विचारपूस करणे हे त्याचे काम आहे.

रॅगिंगची तक्रार मात्र आपसांत मिटवू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार ती रॅगिंगविरोधी समितीकडे जायला हवी. विद्यार्थ्याला १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे.

इंटर्नशिप

या वर्षी मार्गदर्शनाची गरज संपली असे समजले जाते आणि नेमके तेव्हाच मोठे निर्णय येतात. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी वॉर्डाकडे पाठ फिरवण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला बंधपत्रानुसार एक वर्षाची सेवाही करायची असते. सातपुड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री सर्पदंशाचा रुग्ण किंवा अडलेली बाळंतीण समोर आली, तर शेजारी सल्ला देणारा वरिष्ठ नसतो. त्यामुळे प्रसूती, विषबाधा, सर्पदंश, न्यायवैद्यक नोंद आणि रुग्ण पुढे पाठवतानाचे पत्र एवढ्या गोष्टी स्वतःच्या हाताने केल्याशिवाय इंटर्नशिप संपवू नये, असा आग्रह धरावा आणि दर पोस्टिंगनंतर लॉगबुक (केलेल्या कामांची नोंदवही) समोर घेऊन त्याची पडताळणी करावी. शाखा निवडताना आपली आवड विद्यार्थ्यावर लादू नये. त्या त्या शाखेत सध्या काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्याशी त्याची गाठ घालून द्यावी.

नोंदी आणि बदली

प्रत्येक भेटीनंतर तारीख, ठरलेली गोष्ट आणि पुढच्या भेटीचा दिवस एवढेच अधिकृत नोंदवहीत लिहावे. घरगुती किंवा मानसिक बाबींचा तपशील तेथे येऊ नये, कारण ती नोंदवही तपासणीच्या वेळी अनेकांच्या हातांतून जाते. शासकीय सेवेत बदली होतेच. आदेश आल्यावर जाण्यापूर्वी नवा मार्गदर्शक, विद्यार्थी आणि आपण अशी एक एकत्र बैठक घ्यावी, आणि खासगी बाबींपैकी कोणत्या पुढे सांगायच्या आणि कोणत्या नाहीत, हे त्याआधी विद्यार्थ्यालाच विचारून ठरवावे.