न्हाणीतली फुटकी टाइल बदलण्याआधी

मागच्या उन्हाळ्यात मी न्हाणीतली एक फुटकी टाइल स्वतः बदलली आणि महिनाभरात तीच परत उखडावी लागली. शेजारच्या टाइल्सपेक्षा ती तीनेक मिलिमीटर वर बसली होती. पाणी जाळीकडं जायचं सोडून तिच्यामागं साचायचं, आणि आईच्या करंगळीला ती कड दोनदा लागली. चूक एवढीच की खालचा जुना माल मी पुरता खोदला नव्हता.

आधी टाइल मिळवा. बांधकामातून उरलेल्या दोन-चार कुटाराच्या खोलीत कुठंतरी असतातच. नसतील तर फुटका तुकडा घेऊन तालुक्याला जा, मोबाइलमधल्या फोटोवरून रंग जुळत नाही. जाडी मोजूनच घ्या. जुनी सात मिलिमीटरची आणि नवी आठची असेल तर तो एक मिलिमीटर खालून जास्त खोदावा लागणार.

छन्नी, हातोडी, करणी, रबरी हातोडा, बादली, स्पंज. गॉगल आणि जाड हातमोजे हवेतच, टाइलची कपची काचेसारखी कापते. पोरांना तिकडं फिरकू देऊ नका. जाळीत चिंधी कोंबा, आणि नळाचा पाइप खालून कुठून गेलाय ते आधी आठवा. शेजारच्या टाइल्स हातोडीच्या दांड्यानं वाजवून पाहा. आपल्या काळ्या मातीत जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं पोकळ वाजणारी टाइल एकच असेल असं नाही.

चारही सांध्यांतलं जुनं ग्राउट, म्हणजे फटीत भरलेला माल, पूर्ण खरडल्याशिवाय छन्नी लावायची नाही, नाहीतर शेजारची तडकते. घाव मधोमध, तिथून कडेकडे.

आता खड्डा. टाइल निघाली की काम झाल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं होतं. खड्डा टाइलच्या जाडीपेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त खोल हवा, कारण खाली केमिकलचा, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मालाचा, थर येणार. नवी टाइल कोरडीच आत ठेवा, शेजारच्या दोन टाइल्सवर स्टीलची पट्टी आडवी टेकवा आणि पट्टीखाली किती जागा राहते ते बघा. चारही कोपऱ्यांवर बघा! मी फक्त मध्ये पाहिलं, आणि एका कोपऱ्यात सुपारीएवढा मालाचा गोळा तसाच राहिला. तेवढ्यानं टाइल वर आली. रबरी हातोड्यानं ठोकून ती खाली जात नाही, फुटते. जागा कमी वाटली तर टाइल बाहेर, छन्नी हातात, परत खोदा, परत पट्टी लावा. कंटाळा आला तरी.

मग धूळ झाडून खड्डा ओल्या फडक्यानं पुसा. केमिकल कालवायला विहिरीचं पाणी नको. आमच्यासारखं खारपाण पट्ट्यात गाव असेल तर सांध्यांवर पांढरे क्षार फुटतात, म्हणून पिण्याचं पाणी घ्या. केमिकलवर टाइल कोरडीच बसते, सिमेंटवर बसवणार असाल तर आधी भिजवा. उन्हाळ्यात हे सकाळीच उरका, दुपारी केमिकलवर लगेच साय धरते.

केमिकल टाकण्याआधी पट्टी अजून एकदा.

टाइल बसवा, सांधे सारखे करा, चोवीस तास पाय नको. दुसऱ्या दिवशी ग्राउट, ओल्या स्पंजनं पुसणं, आणि आणखी एक दिवस आंघोळ अंगणात.