तुंगनाथला आईवडिलांना न्यायचंय? मग हे वाचा

उत्तराखंडातल्या पंचकेदारांपैकी, म्हणजे शंकराच्या पाच देवळांपैकी, सगळ्यात उंचावरचा हा तिसरा केदार, सुमारे ३,६८० मीटरवर. पायथ्याच्या चोपत्याहून चढ जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर, फरसबंद वाट. म्हणून लोक सिंहगडाच्या हिशोबाने निघतात आणि अर्ध्यावर धापा टाकतात. पाय ठीक असतात हो, हवाच विरळ असते. हरिद्वारहून थेट चोपत्याला येऊन लगेच चढू नका. एक रात्र उखीमठला काढा, दुसरी चोपत्यात. डोकं ठणकलं, मळमळलं तर ‘एवढ्या लांब आलोय’ म्हणून रेटू नका. खाली उतरणं हाच उपाय. बीपी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

पहाटे निघा, दुपारनंतर ढग दाटतात. वीस पावलं, मग थांबा. बोलताना दम लागत नाही तोच आपला वेग. आमच्या आईने नऊवारी नेसूनच चढ केला, पण आत गरम लेगिंग आणि पायात पकड असलेले बूट हवेतच. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट घ्या. गुडघे कुरकुरत असतील तर चोपत्यात खेचर मिळतं. भाव आधीच ठरवा, लाजू नका. रोख पैसे जवळ ठेवा, रेंजचा भरवसा नाही.

देवळाची कपाटं, म्हणजे दारं, साधारण मे ते नोव्हेंबरच उघडी. हिवाळ्यात देव खाली मक्कूमठ गावात असतो. जुलै-ऑगस्टात मी तरी कुणाला पाठवणार नाही, दरडी कोसळतात. आणि वर चंद्रशिला शिखर आणखी दीड किलोमीटर, चढ खडा. तिथे तरुणांना पाठवा, आईबाबांना चहाच्या टपरीवर बसवा.