यानाचेकची ‘सिन्फोनिएत्ता’: जुनी ध्वनिमुद्रणे कशी निवडावीत, कशी ऐकावीत

चेक संगीतकार लेओश यानाचेक यांनी सत्तरी ओलांडल्यावर लिहिलेली ‘सिन्फोनिएत्ता’ ही वाद्यवृंदाची पाच खंडांची रचना २६ जून १९२६ रोजी प्रागमध्ये, वाक्लाव तालिख यांच्या संचालनाखाली, प्रथम वाजली. रचना जेमतेम पंचवीस मिनिटांची असल्यामुळे तिची दोन ध्वनिमुद्रणे एकाच बैठकीत पाठोपाठ ऐकता येतात, आणि कोणते संग्रही ठेवावे हे ठरवण्यासाठी दहा परीक्षणे वाचण्यापेक्षा हाच मार्ग खात्रीचा आहे.

तुलना करण्यापूर्वी कान कुठे लावायचा हे ठरवून घ्यावे. दोन-सव्वादोन मिनिटांच्या पहिल्या खंडात नऊ ट्रंपेट, दोन बास ट्रंपेट, दोन टेनर ट्यूबा आणि टिंपनी (नगाऱ्यासारखी तालवाद्ये) एवढीच वाद्ये वाजतात; व्हायोलिन, सेलो, बासरी यांपैकी एकही तिथे नाही. सोकोल या व्यायामसंघटनेच्या मेळाव्यासाठी लिहिलेली ही फॅन्फेअर, म्हणजे पितळी वाद्यांची ललकारी, पाचव्या खंडाच्या अखेरीस परत येते. तेव्हा मात्र संपूर्ण वाद्यवृंद तिच्याभोवती अखंड ट्रिल (दोन लगतच्या सुरांची जलद आलटापालट) धरतो आणि पितळी वाद्यांची एकूण संख्या पंचवीसवर जाते. माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते. सामान्य ध्वनिमुद्रणात ट्रंपेटच्या झोतापुढे तंतुवाद्यांचे ट्रिल पुसले जातात आणि उरतो तो नुसता गोंगाट. चांगल्या ध्वनिमुद्रणात ते शेवटच्या सुरापर्यंत वेगळे ऐकू येतात. दुसरी जागा तिसऱ्या खंडातली आहे. ब्रनोमधल्या ज्या मठात यानाचेक लहानपणी गायक-विद्यार्थी म्हणून राहिले, त्या मठाशी त्यांनी हा खंड जोडला होता. आरंभीच्या हळुवार तंतुवाद्यांमध्ये ट्रॉम्बोन घुसतात, तिथे संचालक धक्का देतो की तो सौम्य करतो, हे पाहावे.

सुरुवात चेक संचालक कारेल आन्चेर्ल यांच्यापासून करावी. सुप्राफोन या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी चेक फिलहार्मोनिकबरोबर १९६१मध्ये केलेल्या या ध्वनिमुद्रणात नाद सडसडीत आहे. लय कुठेही रेंगाळत नाही, आणि ट्रंपेटच्या सुरात त्या काळच्या चेक वादकांचा किंचित कंप आहे, जो पुढे जगभरचे वाद्यवृंद एकसारखे वाजू लागल्यावर दुर्मीळ झाला. ध्वनी थोडा कोरडा वाटेल, पण त्या कोरडेपणामुळेच यानाचेकची तुटक, एकमेकांवर आदळणारी वाक्ये उघडी पडतात.

त्यानंतर चार्ल्स मॅकेरस यांचे व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचे १९८०चे डेक्का ध्वनिमुद्रण ऐकावे. मॅकेरस १९४७-४८मध्ये प्रागला तालिख यांच्याकडे शिकले आणि त्यांनी पुढचे आयुष्य यानाचेकच्या संगीताला वाहिले. इथे टिंपनीचा प्रत्येक घाव पोटात जाणवतो. ज्यांना ध्वनीची गुणवत्ता सर्वांत महत्त्वाची वाटते, त्यांनी हे एकच घेतले तरी चालेल. १९४८मध्ये चेकोस्लोव्हाकिया सोडलेल्या राफाएल कुबेलिक यांचे बव्हेरियन रेडिओ सिम्फनीबरोबरचे १९७०चे ध्वनिमुद्रण अधिक उबदार आहे आणि तिसरा खंड त्यांच्याइतका हळवा फारसा कुणी केलेला नाही. वादनातली निखालस अचूकता हवी असेल, तर जॉर्ज सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा यांचे १९६५चे ध्वनिमुद्रण आहे. मला ते थोडे जास्तच नीटनेटके वाटते.

शोधताना फसगत होते ती तारखांमुळे. अ‍ॅपवर दिसणारे वर्ष पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचे असते, आणि एकाच संचालकाने ही रचना अनेकदा मुद्रित केलेली असते. मॅकेरस यांचेच १९५९चे, प्रो आर्टे ऑर्केस्ट्राबरोबरचे, ध्वनिमुद्रणही मिळते आणि कुबेलिक यांचे १९५५चे, व्हिएन्नातले. त्यामुळे नुसते संचालकाचे नाव न टाकता वाद्यवृंदाचे नावही टाकून शोधावे आणि शक्य असेल तिथे मूळ मुद्रणाचे वर्ष तपासावे. ऐकताना आवाजाची पातळी पाचव्या खंडाच्या शेवटावरून ठरवावी. पहिल्या खंडावरून ठरवली, तर शेवटी हमखास उठून ती कमी करावी लागते.

‘सिन्फोनिएत्ता’ अंगवळणी पडली की ‘तारास बुल्बा’कडे वळावे. लेखक गोगोलच्या कथेवरची, १९१८मध्ये पूर्ण झालेली ही तीन खंडांची रचना बहुतेक संचालकांनी तिच्या जोडीने मुद्रित केली आहे. आन्चेर्ल, कुबेलिक आणि मॅकेरस या तिघांचीही ती उपलब्ध आहे. मात्र सीडीच्या पुनर्प्रकाशनात या जोड्या फोडल्या जातात, म्हणून विकत घेण्याआधी आतली यादी वाचावी. ‘तारास बुल्बा’त ऑर्गन आणि घंटा आहेत. दुसऱ्या खंडाच्या अखेरीस छळ सोसणाऱ्या ओस्तापची (तारासच्या मुलाची) किंकाळी लहान क्लॅरिनेटवर येते. ती अंगावर आली नाही, तर ते ध्वनिमुद्रण बाजूला ठेवावे. तालिख यांचे १९५४चे मोनो ध्वनिमुद्रण या खंडासाठी आवर्जून शोधण्यासारखे आहे, पण शेवटच्या खंडातल्या ऑर्गनसाठी मॅकेरस यांच्याकडेच परतावे लागते.