इंटरनेट नसलेलं वायफाय: १६९.२५४ चा पत्ता का येतो आणि उपाय काय

सांगली मार्केट यार्डातलं हळदीचं गोदाम. वजनकाट्याचा संगणक, एक प्रिंटर, चार अँड्रॉइड फोन. इंटरनेट मुद्दामच जोडलेलं नाही. फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' यावर अडकायचे, लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता यायचा.

पासवर्ड, चॅनेल, रिसेट सगळं करून झालं. दोन दिवस डोकं उठलं. क्लाउडवरून चालणारा अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पसरवणारं यंत्र) आणला, तर तो सेटिंगसाठीच इंटरनेट मागू लागला. अशा जागी तो घेऊच नका.

कारण असं: अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये बहुतेक घरगुती राउटर डीएचसीपी (प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता वाटणारी सोय) बंद करतात, पत्ते वाटणं पुढच्या राउटरचं काम. इथे पुढे कुणी नव्हतंच. पत्ता कुणीच देईना, म्हणून लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ चा पत्ता घ्यायचा.

स्वतःचं सेटिंग पेज असलेला साधा राउटर घ्या आणि राउटर मोडवरच ठेवा. लॅनचा (आतल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.५०.१, डीएचसीपी चालू, वाटप १९२.१६८.५०.१०० ते १५०. मग संगणकाला १९२.१६८.५०.१० आणि प्रिंटरला १९२.१६८.५०.२० असे कायमचे पत्ते द्या. दोन्ही केबली लॅन पोर्टातच; वॅन (इंटरनेटची केबल लावायचा पोर्ट) रिकामा. वॅनमध्ये खोचलेला संगणक फोनला सापडत नाही. गेस्ट नेटवर्क आणि क्लायंट आयसोलेशन (जोडलेली उपकरणं एकमेकांना दिसू न देणारी सोय) बंद. पोत्यांच्या थप्प्यांआड २.४ गिगाहर्ट्झचं वायफायच नीट पोचतं. चॅनेल १, ६ किंवा ११.

शेवटी प्रत्येक फोनवर 'इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहा' निवडून 'पुन्हा विचारू नका' वर खूण करा. नाहीतर फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि काटा दिसेनासा होतो.