लसूण ठेचा, मग दहा मिनिटं थांबा

लसणाच्या अख्ख्या पाकळीला फारसा वास येत नाही. ठेचली की घरभर पसरतो. पाकळीत ॲलिइन नावाचं गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात असतं आणि ॲलिनेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, दुसऱ्या कप्प्यात. पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. लसणाचे जे गुण सांगितले जातात, त्यांतले बरेचसे या ॲलिसिनचे आणि त्याच्यापासून पुढे बनणाऱ्या द्रव्यांचे. म्हणजे भाजीत काय आहे याच्याइतकंच ती आपण कशी चिरतो, कधी तापवतो, यालाही महत्त्व आहे.

लसूण

चार जणांच्या भाजीसाठी चार-पाच पाकळ्या सोलून खलबत्त्यात चांगल्या ठेचा. सुरीने जाडसर काप केले तर फार थोड्या पेशी फुटतात. ठेचलेला लसूण ताटलीत पसरून 10 मिनिटं ठेवा, मग फोडणीत घाला. ठेचल्या ठेचल्या गरम तेलात टाकला तर एन्झाइम निकामी होतं आणि ॲलिसिन बनायचं थांबतं. अख्ख्या पाकळ्या परतल्या तर ते जवळपास बनतच नाही, चव मात्र गोडसर छान लागते. आंबटपणानेही हे एन्झाइम मंदावतं, म्हणून चटणीत लिंबू किंवा चिंच लसूण वाटून झाल्यावर घाला.

एक चूक मात्र महागात पडते. कच्चा लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू वाढू शकतात. असं तेल थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

कोबी आणि फेसलेली मोहरी

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे एकाच कुळातले. यांच्यात ग्लुकोसिनोलेट्स नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात आणि पेशी फुटून त्यांना मायरोसिनेज एन्झाइम भेटलं की त्यांच्यापासून तिखट, उग्र आयसोथायोसायनेट्स तयार होतात. मोहरी नाकात जाते ती यामुळेच. शरीरातली विषारी द्रव्यं निकामी करणाऱ्या यंत्रणेला ही द्रव्यं चालना देतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. रोज कोबी खाल्ला की अमुक आजार टळेल, इतकी मजल मात्र मारता येत नाही.

पाव किलो कोबी अगदी बारीक चिरून अर्धा तास झाकून ठेवा. तोवर एक छोटा चमचा मोहरी कोरडीच कुटून घ्या. भाजायची नाही. त्यात दोन-तीन चमचे गार पाणी घालून फेस येईपर्यंत फेसा आणि 10 मिनिटं ठेवा. नाकाला झणका लागला की जमली. मग ती कोबीत कालवा. दही किंवा लिंबू आणि मीठ त्यानंतर. पाणी गरम असेल किंवा आंबट आधीच घातलं असेल, तर झणका येत नाही आणि पचडी नुसती कडवट लागते. फोडणीची मोहरी इथे कामाची नाही, तिचं एन्झाइम तेलातच संपलेलं असतं. कोबी शिजवूनच खायचा असेल तर भाजी कोमट झाल्यावर फेसलेली मोहरी वरून घाला.

थायरॉइडचा त्रास असेल तर कच्च्या कोबीचा मारा नको. शिजवलेला सहसा चालतो.

हळद आणि टोमॅटो

हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, आणि आतड्यातूनही फार थोडं शोषलं जातं. म्हणून हळद तेला-तुपात घाला आणि जोडीला मिरपूड हवी. 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, दिलं तेव्हा शोषण कितीतरी पटींनी वाढलं. पण हिशोब लक्षात घ्या: हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, म्हणजे चमचाभर (3 ग्रॅम) हळदीत जेमतेम 90 मिलिग्रॅम. आमटीतली चिमूट म्हणजे औषधाचा डोस नव्हे.

टोमॅटोचं लसूण-कोबीच्या उलट आहे. त्यातलं लायकोपीन हे लाल द्रव्य शिजवल्यावर, तेही तेलात, जास्त मिळतं. एक चमचा तेलात 10-15 मिनिटं झाकून शिजवलेलं टोमॅटोचं सार कच्च्या फोडींपेक्षा या बाबतीत सरस ठरतं.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मिरी मिसळलेल्या हळदीच्या कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकात घालतो तेवढ्या हळदीला ही भीती नाही.